ओढणीखालची अम्मी

वैजापूरच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या आजोबांच्या तैलचित्रावर कांदा चोळला होता. मोबाईलवर कुणीतरी दाखवलं म्हणे, कांदा अर्धा कापून चोळला की जुनं चित्र लख्ख होतं. आता त्यांच्या घरी कांद्याला काय तोटा? सगळं घर कामाला लागलं. आजोबा लख्ख झाले, पण मिशा गेल्या. "मॅडम, फक्त मिशा लावून द्या," एवढंच त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मिशा होत्या कशा? व्यापारी म्हणाले, पीळ दिलेल्या. त्यांची बायको म्हणाली, खाली पडलेल्या. आणि सोबत आलेले म्हातारे चुलते म्हणाले की आजोबांना आयुष्यात मिशा नव्हत्या, त्या चित्रकारानं आपल्या मनानं लावल्या होत्या. मग मी ते चित्र मिशांशिवायच परत केलं, आणि ते कुटुंब माझ्यावर अजून नाराज आहे.

असल्या लोकांत माझा जन्म गेला. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. आधी एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत. माझी आई पाचोडच्या बाजारात भेटेल त्याला सांगायची, "आमची पोरगी फोटो पुसती." मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

तैलचित्र म्हणजे थरांचं काम असतं. खाली कापड, त्यावर पांढरा लेप, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर वार्निश. रंग फारसा बिघडत नाही. बिघडतं ते वार्निश. ते आधी पिवळं पडतं, मग चहासारखं तपकिरी. त्यावर उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघरातली फोडणी आणि माश्यांची घाण बसते. लोकांना वाटतं चित्र मेलं. ते मेलेलं नसतं, चष्म्याची काच मळलेली असते एवढंच. माझ्या धंद्याचे नियम दोनच. जे पुन्हा काढता येणार नाही ते लावायचं नाही, आणि जे कुणाचं आहे ते कळल्याशिवाय काढायचं नाही. बाकी सगळी सबुरी. माझा स्वभाव तापट, जिभेला हाड नाही, हे घरातले सगळे सांगतील. पण हातात कापूस आला की मी दुसरीच बाई होते.

गिऱ्हाइकांना मात्र सबुरी नसते. बिडकीनला नवं हॉटेल काढलेले एक गृहस्थ कोरं करकरीत चित्र घेऊन आले आणि म्हणाले, "हे जुनं करून द्या." मी म्हटलं, घेऊन जा, पन्नास वर्षांनी आपोआप होईल. ते हसले नाहीत.

पण मला लिहायचं आहे ते सत्तारभाईंच्या चित्राबद्दल. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर राजे आले, दिवाण आले, देव आले. मनात घर करून राहिली ती एकच बाई.

करोना सरल्यानंतरचा उन्हाळा होता. सत्तारभाई रिक्षातून उतरले ते चादरीत गुंडाळलेलं दारापेक्षा जरा लहान असं काहीतरी कवटाळून. पन्नाशीचे, दाढी नीट कातरलेली, बोलायला गोड. त्यांचं घराणं हिमरूचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हिमरू म्हणजे आमच्या शहराचं खास विणकाम, सूत आणि रेशीम मिळून विणलेलं, शालीवर दाट नक्षी. एके काळी नवाबपुऱ्यात मागाचा आवाज आल्याशिवाय सकाळ व्हायची नाही. आता माग थोडे आणि दुकानं जास्त. सत्तारभाई वेरूळच्या रस्त्याला पर्यटकांसाठी नवं दुकान काढत होते.

"घरातली पुरानी तस्वीर आहे मॅडम," ते म्हणाले. "धूळ काढा, थोडी चमक आणा, बस. दुकानात शिरल्याबरोबर समोर लावायची."

मी चादर काढली. एका गोऱ्या चित्रकाराचं काम आहे हे लगेच कळलं. मागे संगमरवरी जाळी, तिच्यातून पडलेलं ऊन, शेजारी सुरई, मोरपिसांचा पंखा, लाल गालिचा. ह्या लोकांना हिंदुस्थानातली बाई दिसली की हे सगळं सामान आपोआप दिसायचं. मकबऱ्याची जाळी उचलून ह्यानं विणकराच्या घरात बसवली होती. पण हात काय तयार होता त्याचा. सुरईच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब एका फटकाऱ्यात उतरवलं होतं. मी त्या फटकाऱ्याकडे बघत उभीच राहिले.

आणि मधोमध बसलेली बाई म्हणजे एक हिरवा ढीग होता. कपाळापासून मांडीपर्यंत जाड हिरवी ओढणी, तोंड संपूर्ण झाकलेलं, आणि खाली फक्त उजव्या हाताची बोटं बाहेर.

त्या ओढणीकडे बघून माझं डोकं सटकलं. अशी सुरई रंगवणारा माणूस असली ओढणी रंगवील? खांद्यावर ती वळत नव्हती, गुडघ्यावर पडत नव्हती. भिंतीला चुना द्यावा तशी वरून खाली ओढलेली. मी खिडकी बंद केली आणि जांभळा दिवा लावला. ह्या दिव्यात जुनं वार्निश हिरवट चमकतं, आणि वार्निशवर नंतर कुणी रंग दिला असेल तर तो काळा दिसतो. सगळं चित्र चमकलं. ओढणी तेवढी काळी ठिक्कर.

"सत्तारभाई, ही ओढणी कुणी काढली?"

"कुणी म्हणजे? चित्रकारानं."

"चित्रकारानं काढली नाही. मागाहून दुसऱ्या कुणीतरी चोपडली आहे."

 ते खुर्चीवर बसले आणि सांगू लागले. हा गोरा चित्रकार निजामाच्या काळात वेरूळची लेणी बघायला आला होता. हिमरू बघायला त्यांच्या कारखान्यात आला आणि सत्तारभाईंच्या आजोबांशी त्याची दोस्ती झाली. आजोबा तेव्हा तरणेबांड, हौशी. आपल्या नव्या बायकोचं चित्र काढायला त्यांनी परवानगी दिली. ती घरचीच शाल पांघरून बसली. जाताना चित्रकार ते चित्र घरालाच भेट देऊन गेला. आणि मग घरात जे महाभारत झालं, ते काही विचारू नका. परक्या गोऱ्यासमोर सून तोंड उघडं टाकून बसली, म्हणून आजोबांच्या आईनं अन्नपाणी सोडलं. शेवटी टांग्यांवर वेलबुट्टी रंगवणाऱ्या एका माणसाला बोलावलं आणि त्याच्याकडून चित्रातल्या सुनेला ओढणी घालून घेतली. चित्र फेकायला आजोबा तयार नव्हते, म्हणून ही तोड निघाली.

"आणि ती बाई?"

"थोड्याच वर्षांत वारली. बाळंतपणात. दादांनी, आजोबांनी म्हणजे, दुसरी शादी केली, त्या दुसऱ्या दादीचे आम्ही. पहिलीची एकच मुलगी, आमची खुर्शीद फुप्पी, तुम्ही आत्या म्हणता ती. माझ्याकडंच असती."

मी म्हटलं, "नशीब बघा, खाली वार्निश आहे. म्हणजे ओढणी काढता येईल, मूळ चित्राला धक्का न लावता."

"नक्को मॅडम," ते पटकन म्हणाले. "बडोंनी झाकलंय. झाकलेलंच राहू द्या."

चित्र त्यांचं होतं. मालकाच्या मर्जीविरुद्ध मी एक ठिपकाही हलवत नाही. मी तोंड मिटलं. ते मला किती अवघड गेलं असेल, हे माझ्या घरच्यांना विचारा.

पुढच्या आठवड्यात ते फुप्पीला घेऊन आले. तिनंच हट्ट धरला होता म्हणे, की तस्वीर कुठं दिली ते मला दाखव. ऐंशीच्या पुढची बाई, काडीसारखी बारीक, पण पाठ ताठ. खुर्शीदबी. सत्तारभाईंना फोन आला म्हणून ते बाहेर व्हरांड्यात गेले, तशी ती माझ्याकडे वळली. वळली ती अशी की तोंड माझ्याकडे आणि नजर खिडकीकडे.

"बाई, ती ओढणी निघती का?"

"निघू शकते."

"खाली तोंड हाय?"

"असायला हवं."

 ती म्हणाली, "मी अम्मीला पाह्यलंच नाय. म्हंजी पाह्यलं असंल, याद नाय. फोटो नाय, काय नाय. लहानपणी आरशात बघायची, वाटायचं अशीच असंल. पर सगळे म्हनायचे, तू बापावर गेली. मग आरसा बघायचा सोडला."

मी तिला बसायला खुर्ची दिली.

"डाक्टर म्हनतो मधलं दिसनं चाललंय," ती सांगत होती, भाजी महाग झाली हे सांगावं तशी. "तुमच्याकडं बघितलं तर तुमचं तोंड दिसत नाय, कान दिसतात. बाजूला बघितलं तर जरा तोंड दिसतं. तेबी जानार. नजर हाय तवर एकडाव दिसलं असतं तर बरं झालं असतं. सत्तारला मी नाय म्हनू शकत, बाई. त्याच्या घरात खाते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि पाठोपाठ राग आला. सत्तारभाई आत आले तेव्हा तो सगळा त्यांच्यावर निघाला. फुप्पीला पुढच्या खोलीत चहा देऊन बसवलं आणि मी त्यांना मागच्या अंगणात गाठलं. म्हटलं, आईचं तोंड एकदा बघायचंय म्हातारीला, तुम्ही माणूस आहात का कोण?

त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत. "मॅडम, तोंड उघडलं तर दुकानात कसं लावू? घरातली बाई आहे."

"घरातल्या बाईची एवढी इज्जत आहे, तर दुकानात लावताच कशाला?"

"झाकलेली आहे म्हणून," ते म्हणाले. "आणि फॉरेनरला असंच आवडतं. पडद्यातली बाई. फोटो काढतात."

 त्यांच्या बोलण्यात तर्क होता, तो मला आवडला नाही तरी होता. आणि गंमत बघा. परदेशातून आलेल्या माणसानं तिचं उघडं तोंड रंगवलं होतं. घरच्यांनी ते झाकलं, आणि आता तेच झाकलेलं तोंड परदेशी माणसांना दाखवायला हवं होतं. त्या दिवशी चहा घेऊन दोघं गेली. खुर्शीदबी रिक्षात बसताना माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघून हसली.

पण साफसफाई करायची तरी आधी तपासणी करावी लागते. आम्ही त्याला खिडकी उघडणं म्हणतो. चित्राच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढा चौकोन साफ करून बघायचा, की कुठलं द्रावण कशावर चालतं. मी सत्तारभाईंना सांगितलं की ओढणीवरची धूळ काढताना रंग टिकतो का बघायला तिच्या खालच्या टोकाला एक खिडकी उघडावी लागेल, तुम्ही समोर बसा. खरं ते सगळं सांगितलं, की ह्या तपासणीत हिरवा रंग निघूही शकतो. ते म्हणाले, कोपरा आहे ना, उघडा.

काडीला कापूस गुंडाळला, द्रावणात बुडवला, हलक्या हातानं फिरवला. कापूस हिरवा झाला. दुसरा घेतला, तोही हिरवा. असे ढीगभर कापूस वाया गेल्यावर खाली काहीतरी सोनेरी दिसायला लागलं. मी भिंग सत्तारभाईंच्या हातात दिलं.

ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती.

"डाळिंबाची कळी," ते म्हणाले.

"ओळखीची आहे?"

"आमच्या घरची नक्षी आहे मॅडम. अब्बा सांगायचे. कळी, कळीच्या पोटात बारीक पान, आणि पानावर तीन दाणे. दादांनंतर कुणी विणली नाय. मागावर नक्षी बांधलेल्या दोऱ्या वाळवीनं खाल्ल्या, शाली सगळ्या विकल्या गेल्या. घरात एक तुकडा नाय राहिला. मी तर समजायचो, अब्बा वाढवून सांगतात."

चित्रकाराची कमाल मला तेव्हा कळली. सुरई आणि जाळी त्यानं कुठून तरी आणून ठेवली होती, पण ती शाल त्यानं समोर बघून रंगवली होती, धागा न् धागा. विणकामातला सुताचा भाग कुठं संपतो आणि रेशमाचा कुठं सुरू होतो, हेसुद्धा कळत होतं. ज्या माणसाला आपली भाषा येत नव्हती, त्यानं आपल्या कारागिराचं काम असं वाचलं होतं. मी त्या दिवशी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि मोरपिसांचा पंखा माफ केला.

"अजून थोडं काढता?" सत्तारभाईंनी विचारलं.

"किती?"

"एक बुट्टी पूर्ण दिसंल एवढं."

मग एक बुट्टी झाली. मग शेजारची, कारण दोन बुट्ट्यांमधलं अंतर कळायला हवं. मग किनार. सत्तारभाई दर दोन-चार दिवसांनी यायचे, चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवून घ्यायचे, आणि जाताना म्हणायचे, "अजून थोडं." चोराच्या मनात चांदणं तसं माझ्या मनात होतं, पण मी चेहरा कोरा ठेवून फक्त विचारायची, कुठपर्यंत? शेवटी त्यांनी हद्द घालून दिली. "खांद्यापर्यंत. त्याच्या वर नक्को."

खांद्यापर्यंत शाल मोकळी झाली. आता एवढं उघडल्यावर हिरव्या ओढणीचं फक्त डोकं शिल्लक होतं, आणि ते सगळं प्रकरण धडावर उशी ठेवल्यासारखं दिसत होतं. सत्तारभाईंनाही ते खटकत होतं, पण ते बोलत नव्हते आणि मीही बोलत नव्हते.

इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ती ऐकून बऱ्याच लोकांनी माझ्याकडे काम द्यायचं सोडलं आहे. चित्रावरची बारीक धूळ, हातांचा मळ, धुराचा पातळ थर ह्यावर जगातलं सगळ्यात चांगलं द्रावण म्हणजे माणसाची थुंकी. हसू नका. मोठमोठ्या संग्रहालयांत हेच करतात. ती कोमट असते, सौम्य असते, आणि मळाचा चिकटपणा सोडवते. कापसाची काडी जिभेवर टेकवायची, चित्रावर फिरवायची, टाकून द्यायची. दिवसभर हे करायचं म्हणजे घसा कोरडा पडतो, आणि पान-तंबाखू खाणाऱ्याला ह्या धंद्यात जागा नाही.

एका सकाळी मी खांद्याच्या रेषेतच, गळ्याजवळ मोकळ्या झालेल्या मोत्यांच्या सरीवर असंच काम करत होते. सत्तारभाई खुर्शीदबीला घेऊन आले. दार उघडंच होतं. त्यांनी मला काडी तोंडात घालताना पाहिलं आणि तीच काडी त्यांच्या घरातल्या बाईच्या गळ्याला लावताना पाहिलं.

"मॅडम, थुंकताय तुम्ही?"

त्यांचा आवाज असा फाटला की माझ्या हातातली काडी खाली पडली. मी समजावायला गेले तर शब्द अडखळायला लागले. उष्टं, नापाक, बेइज्जती, सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हे आता चित्र उचलून घरी जाणार, अशी माझी खात्री झाली.

"काय झालं?" खुर्शीदबीनं विचारलं. तिला काही दिसलं नव्हतं.

"फुप्पी, ह्या बाई थुंकी लावून पुसतायत. तुझ्या अम्मीला."

खुर्शीदबी हसायला लागली. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मग कशानं पुसणार? पोरांचं तोंड कशानं पुसतात? तुझ्या नाकाखालचा शेंबूड मी कशानं पुसला? पदराचं टोक तोंडात घालूनच ना?" मग ती थांबली. "अम्मीनं माझंबी असंच पुसलं असंल," ती म्हणाली. "मला याद नाय, पर पुसलं असंल."

सत्तारभाई तसेच उभे होते. मी खाली पडलेली काडी उचलली, नुसतं काहीतरी करायचं म्हणून.  मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुकानात नाय लावायची मॅडम. घरी, फुप्पीच्या खोलीत. तोंड उघडा."

मला वाटतं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम त्या वाक्यानंतर सुरू झालं. शालीवर वार्निश जाड होतं, त्यामुळे हिरवा रंग खुशाल निघत होता. चेहऱ्यावर ते पातळ होतं, आणि ओठांवर जवळजवळ नव्हतंच. तिथं टांगे रंगवणाऱ्याचा रंग थेट ओठांना चिकटला होता. द्रावण लावावं तर खालचा लाल रंग हलणार. मग द्रावण बाजूला ठेवलं आणि सर्जनची बारीक सुरी घेतली. भिंगाखाली एकेक कण उचलायचा. सकाळचं ऊन खिडकीत असेल तेवढाच वेळ काम, कारण दिव्याच्या उजेडात हिरवं आणि लाल ह्यांचा भरवसा नाही.

सत्तारभाईंचा फोन यायचा. "घाई नाय मॅडम," म्हणायचे, आणि मग, "फुप्पी आता ताट चाचपडती." मी फोन ठेवून पुन्हा भिंगाला डोळा लावायची. मला इतकी घाई आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि हात मात्र गोगलगायीच्या चालीनं चालवायचा होता. नवरा म्हणाला, तू झोपेतसुद्धा बोटं फिरवतेस. उजव्या कोपऱ्यात ओठावर हिरव्याचा एक ठिपका राहिला. तो काढला तर ओठही गेला असता. तो मी तसाच ठेवला, तो अजून तिथं आहे.

लोक विचारतात, चेहरा पहिल्यांदा तुम्हाला दिसला, कसं वाटलं? खरं सांगू, मला तो दिसलाच नाही. भिंगाखाली चेहरा नसतो. पापणी असते, नाकपुडी असते, कपाळावरच्या झुमराचा एक मोती असतो. मी पापणीवर खूश होते. ओल्या रंगात तीनच फटकारे, आणि पापणीखाली ओल आहे हे दिसत होतं. नाकपुडीच्या कडेचा गुलाबी उजेड बघून मी नवऱ्याला हाक मारली, की ये, बघ, हे असं करता येत असतं तर मी दुसऱ्यांची चित्रं कशाला पुसत बसले असते. तो गोरा कोण होता, त्याचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. सही अस्पष्ट आहे. पण त्यानं नटवलेल्या सगळ्या थाटात, त्या जाळी-पंखा-गालिच्यात, एका जागी त्याचा हात खोटं बोलायला तयार झाला नव्हता, आणि ती जागा म्हणजे ही बाई.

काम संपलं तेव्हा चौकट बसवून चित्र खिडकीसमोर ठेवलं आणि सत्तारभाईंना बोलावलं. ते आले आणि चित्रासमोर येऊन थांबले.  खुर्शीदबीला त्यांनी खांद्याला धरून आणलं होतं. मी खुर्ची चित्राच्या अगदी जवळ लावली, एवढ्या जवळ मी कुणाला बसू देत नाही.

ती बसली. सरळ बघितलं तर तिला मधलं काही दिसत नव्हतं, म्हणून तिनं मान डावीकडे वळवली आणि डोळ्याच्या कडेनं बघू लागली. मान जराशी खाली, मग जराशी वर, जिथून दिसेल ती जागा शोधत. पक्षी दाण्याकडे बघतो तशी. मला वाटलं, उशीर झाला. मी माझ्या सबुरीला, सुरीला, ओठांवरच्या त्या रंगाला शिव्या घालत उभी होते.

मग तिची मान एका जागी थांबली.

"दिसलं?" सत्तारभाईंनी हळूच विचारलं.

ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखू शकले नाही. आनंद म्हणावा तर तो नव्हता.

"ही अम्मी?"

"हौ फुप्पी."

"सत्तार, हिची उमर काय असंल?"

तेव्हा मीही पहिल्यांदा भिंग न लावता बघितलं. शालीत बुडालेली, मोत्यांखाली कपाळ आक्रसलेली, हात मांडीवर घट्ट धरून बसलेली. इतके दिवस ती माझ्यासाठी पापणी होती आणि ओठ होता.

"सोळा," सत्तारभाई म्हणाले. "जास्तीत जास्त सतरा."

"ही तर पोर हाय रे," खुर्शीदबी म्हणाली. "बघ की, भ्याली हाय ती. एवढ्याशा पोरीवर चिडलं होतं व्हय सगळं घर?"

सत्तारभाईंनी मान खाली घातली. खुर्शीदबीनं खुर्ची आणखी पुढं ओढली, मान तशीच वाकडी ठेवून, ती जागा सुटू नये म्हणून.

"भिऊ नको बेटा," ती आईला म्हणाली. "आता तुला कुनी काय बोलत नाय."